एकोणीस सेकंद

सोलापूर,
१२ जुलै, रविवार

प्रिय शिवू,

पत्र हातात पडलं की तुला पहिला प्रश्न पडेल, दोड्डव्वाला झालंय तरी काय? दर रविवारी होस्टेलवर अर्धा तास फोन मिळतो, तेव्हा आपण बोलतोच की. पण त्यातला निम्मा वेळ तुझ्या आईला जातो, आणि उरलेल्यात मी जेवलीस का, झोपलीस का, टेस्टला किती पडले, एवढंच विचारते. मला जे सांगायचंय ते त्यात बसणारं नाही. शिवाय फोनवर तू मध्येच "असू दे गं दोड्डव्वा" म्हणशील आणि मी लगेच गप्प बसेन, हे मला पक्कं ठाऊक आहे. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून कागद घेतला.

इथं सगळं ठीक आहे. आज पाण्याचा दिवस होता, त्यामुळे सकाळ हंडे-बादल्या भरण्यात गेली. तुझी आई गुरुवारी मंगळवेढ्याहून येऊन गेली. येताना ज्वारी घेऊन आली आणि जाताना माझ्याशी भांडून गेली, म्हणजे नेहमीसारखंच. तिचं म्हणणं, मी एकटी राहते म्हणून नीट जेवत नाही. तुझ्या वडिलांचे गुडघे दुखतायत, पण शंकरप्पा माणूस असा की दुखतंय हे कबूल करायला त्यांना निदान दोन महिने लागतात. तुला लातूरला पाठवायला कडक भाकरी करून ठेवल्यात, येत्या आठवड्यात कुणाबरोबर तरी पाठवीन.

आता मुद्द्यावर येते. वर्गात मी मुलांना नेहमी सांगते, निबंधाची प्रस्तावना फार लांबली की समजावं, लिहिणाऱ्याला विषय टाळायचाय.

तू पाचवीत या थोरल्या मावशीकडे राहायला आलीस. मंगळवेढ्याला शाळा नव्हती असं नाही, पण तुझ्या आईचं म्हणणं, "अक्का शिक्षिका हाय, पोरगी तिच्याजवळ राहिली तर शिकंल." वर्ष संपायच्या आतच शाळा बंद पडल्या. तू गावी गेलीस, आणि शाळा फोनवर आली म्हणून तुझ्या हातात फोन आला. सातवीत शाळा पुन्हा भरल्या तेव्हा तू सोलापूरला परत आलीस, सोबत तो फोनही आला. आणि एक वेगळीच शिवू आली. वाचता वाचता ओळ सोडायची. बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकायची. एकदा मी तुला दुकानातून काय आणायचं ते सांगत होते, तू माझ्याकडे बघत होतीस, आणि सांगून झाल्यावर म्हणालीस, "काय म्हणालीस?" मी चिडले. पाचवीत ऐंशीच्या वर असणारे मार्क सातवीच्या पहिल्या सत्रात पंचेचाळीसवर आले. तुझ्या वर्गशिक्षिकेने मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, ही शरीराने वर्गात असते, मनाने नसते." तुझे वडील फोनवर म्हणाले, "लई फोन बगते ती. दुसरं काय न्हाय." मलाही दुसरं काही सुचलं नाही. तू रील्स बघायचीस हे खरंच होतं. जेवताना बघायचीस, वेणी घालून घेताना बघायचीस. कारण समोर दिसत होतं, मग आणखी कशाला शोधायचं?

आता माझ्याबद्दल. तुला आठवत असेल, त्या वर्षी आमच्या शाळेतल्या नंदीश सरांनी मला व्हिडिओ करायला शिकवलं होतं. ते संगणक शिकवायचे, वयाने माझ्या निम्मे. म्हणाले, "मॅडम, तुम्ही पालकसभेत इतकं छान बोलता, ते चाळीस माणसं ऐकतात. त्याचंच एका मिनिटाचं करा, चाळीस हजार ऐकतील." मी केलं. माझ्याच नावाचं, 'शिवलीला मॅडम' असं पान सुरू झालं. व्याकरणावरचे दोन व्हिडिओ टाकले, ते कुणी बघितले नाहीत. तिसरा 'मोबाईल आणि मुलांची बुद्धी' यावर टाकला, आणि तो चालला. मग मी त्याच विषयाला धरून बसले. माणसाचं लक्ष आता काचेच्या भांड्यातल्या माशापेक्षाही कमी वेळ टिकतं, असं मी एका व्हिडिओत ठासून सांगितलं होतं. ते मी दुसऱ्या कुणाच्या तरी व्हिडिओत ऐकलेलं. माशाचं लक्ष कुणी मोजलं, कसं मोजलं, हा प्रश्न मला पडला नाही. सातवीच्या मुलाने निबंधात असं काही लिहिलं असतं तर मी त्याला उभं करून विचारलं असतं.

बाजारात बायका ओळखायला लागल्या. "तुम्ही त्या मोबाईलवाल्या मॅडम ना?" खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. तीस वर्षं मराठी शिकवून मला रस्त्यात कुणी थांबवलं नव्हतं.

फेब्रुवारीतला एक रविवार होता, सकाळची वेळ. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसली होतीस, हातात फोन. मी ओट्याशी होते. एकच गाण्याचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतोय असं माझ्या लक्षात आलं, म्हणून मी वळून पाहिलं. फोनवर एक रील संपत होतं, पुन्हा सुरू होत होतं, आणि तू तशीच. अंगठा काचेवर टेकलेला, तोंड किंचित उघडं. मी हाक मारली. तू हलली नाहीस. आणि शिवू, मी काय केलं, तर माझा फोन काढला. तुझ्याजवळ येऊन तुझ्या खांद्याला हात नाही लावला. फोन काढला, तुझ्या चेहऱ्यासमोर धरला आणि व्हिडिओ सुरू केला. व्हिडिओत माझा आवाज आहे, "शिवू... शिवू... अगं शिवू." तीन हाका. मग तू डोळे मिटून उघडलेस आणि अंगठ्याने पुढचं रील लावलंस, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. एकोणीस सेकंद.

त्याच दुपारी मी तो व्हिडिओ पानावर टाकला. वर लिहिलं, 'तीन हाका मारल्या, ऐकू आल्या नाहीत. ही मुलगी बहिरी नाही. मोबाईल आपल्या मुलांचं काय करतोय, डोळ्यांनी पाहा.' तुझं नाव लिहिलं नव्हतं, पण चेहरा तुझाच होता. तुला विचारलं नव्हतं. तुझ्या आईवडिलांनाही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे त्या क्षणी मनातसुद्धा आलं नाही.

चार दिवसांत चार लाख लोकांनी बघितला. मी दर तासाला आकडा बघायचे. शाळेत मधल्या सुट्टीत बघायचे, पेपर तपासताना दोन पेपरांमध्ये बघायचे. खालच्या प्रतिक्रिया वाचायचे. 'डोळे उघडणारा व्हिडिओ', 'प्रत्येक आईबापाने बघावा', असं पुष्कळ होतं. पण हसणारेही होते. कुणी लिहिलं, 'पोरगी हँग झाली, बंद करून चालू करा.' त्यालाच हजारभर लोकांनी पसंती दिली होती. मी ती काढली नाही. गर्दी वाढत होती, कशाला काढू?

त्याच आठवड्यात तू शाळेतून आलीस आणि दप्तर न ठेवताच विचारलंस, "दोड्डव्वा, पोरी मला हँग का म्हणतात?" मला कारण ठाऊक होतं. मी म्हटलं, "लक्ष देऊ नकोस." तू हो म्हणालीस आणि आत गेलीस. तो व्हिडिओ तुला कुणी दाखवला होता का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तू पुढे विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

आणि त्या शेकडो प्रतिक्रियांमध्ये एक वेगळी होती. बार्शीच्या एका माणसाची, नाव हिंदुराव. अक्षरन् अक्षर माझ्या लक्षात आहे. 'बाई, ही फोनची सवय न्हाय. पोरीच्या पापण्या बगा. फडफडत्यात. फोन बगणाऱ्याच्या पापण्या अशा फडफडत न्हाईत. माज्या पोरीला असंच व्हायचं. ही फीट हाय. डाक्टरला दाखवा.'

मी ती प्रतिक्रिया पुसून टाकली.

हे वाक्य लिहायचं धाडस यायला मला तीन दिवस लागले, म्हणून पत्राला उशीर झाला. का पुसली, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. फीट म्हणजे माणूस खाली पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो, एवढंच मला माहीत होतं. या गावाकडच्या माणसाला काय कळतंय, असं वाटलं. लोक उगाच घाबरतील असं वाटलं. पण खरं कारण इतकंच की त्या तीन ओळींनी माझा व्हिडिओ खोटा पडत होता.

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पुसलं, आणि त्यांना पानावर लिहिताच येणार नाही अशी सोय केली. मग त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून मला खाजगी निरोप पाठवला. तो मी उघडला नाही. वरची ओळ तेवढी दिसत होती, 'बाई, राग मानू नका...'

दरम्यान मी एक शहाणपणा केला होता. व्हिडिओ टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी तुझा फोन काढून घेऊन कपाटात कुलूप लावून ठेवला होता. लोक विचारत होते ना, 'मॅडम, उपाय काय?' तर उपायाचाही व्हिडिओ करायचा होता. 'आठ दिवस फोनशिवाय' असं नावही ठरलं होतं. तू रडलीस, दोन दिवस बोलली नाहीस, मग बोलायला लागलीस. मी वहीत रोज लिहीत होते. पहिल्या दिवशी चिडचिड, दुसऱ्या दिवशी चिडचिड, चौथ्या दिवशी जरा बरी. पण सहाव्या दिवशी मी तुला गणित सांगत असताना तू मध्येच थांबलीस, पेन्सिल हातात, नजर माझ्या कानामागे कुठेतरी. पाच-सात सेकंद. मी वहीत लिहिलं, 'फोनची आठवण काढते.' बघ, माणसाला जे बघायचं असतं तेच तो कसा बघतो.

आठव्या दिवशी संध्याकाळी तू भाकरी करायला बसलीस. तुला हौस होती, आणि तुझा हात चांगला बसला होता. मी बाहेरच्या खोलीत होते. काय करत होते ते सांगते. खुर्चीवर बसून प्रतिक्रिया वाचत होते. मला जळकट वास आला. आधी वाटलं, भाकरी करपली. मी बसल्या जागेवरून ओरडले, "शिवू, उलट ती!" उत्तर नाही. पुन्हा ओरडले. मग उठले. तू तव्यासमोर बसली होतीस. भाकरी उलटायला पुढे केलेला डावा हात तसाच खाली आला होता, मनगटाची बाजू तव्याच्या कडेला टेकलेली, आणि तू शांत होतीस. चेहऱ्यावर काही नव्हतं, दुखल्याचंसुद्धा. मी हात ओढला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि त्यानंतर किंचाळलीस. त्या आधी नाही.

मनगटावरचा डाग तुला कसा पडला, हे तू कुणी विचारलं की सांगतेस, 'भाकरी करताना लक्ष नव्हतं.' तू तेव्हापासून तेच ऐकलंस, म्हणून तेच सांगतेस. लक्ष कुणाचं नव्हतं, हे आता तुला कळलं.

तुझ्या हाताला पाणी लावलं, मलम लावलं, तुला निजवलं. तुझ्या पापण्यांकडे बघत बसले. तुझ्या हातात फोन नव्हता. आठ दिवस नव्हता. मग मी हिंदुरावांचा निरोप उघडला. लिहिलं होतं, 'बाई, राग मानू नका. कमेंट काढली तरी चालंल. मी हमाली करतो, मला शिक्षण न्हाय. पण माजी पोरगी दोन वर्सं मार खात हुती, शाळंतबी आन् घरीबी. मीच मारायचो, लक्ष दे म्हनून. एक दिवस जिन्यावरनं पडली तवा कळालं. तुमच्या पोरीला फूक मारायला लावा, दोन-तीन मिंटं, जोरात. आमच्या डाक्टरनं तसंच केलं हुतं. पन डाक्टरापुढंच करा. लवकर न्या. औशदानं बरं हुतं.'

त्यांनी पहिल्यांदा लिहिलं त्याला तोवर सहा दिवस झाले होते. ते सहा दिवस मी घालवले. दुसऱ्या कुणी नाही.

सकाळी तुझ्या आईला बोलावून घेतलं आणि आपण तिघी दवाखान्यात गेलो. तुला तो दवाखाना आठवतो का? डॉक्टरांनी तुझ्यासमोर कागदाचा तुकडा धरला आणि म्हणाले, "याला फूक मार, थांबू नकोस." दीड मिनिटात तू थांबलीस. कागद समोर तसाच, तू तशीच. डॉक्टर तुझ्या डोळ्यांकडे बोट दाखवून आईला म्हणाले, "बघा, ही आत्ता इथं नाही." तुझ्या आईने वाकून तुझ्या डोळ्यांत बघितलं. मग डोक्याला तारा लावून तपासणी झाली, आणि त्यांनी नीट समजावलं. मेंदूत काही सेकंद विजेचा गोंधळ होतो, मूल थांबतं, पडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. दिवसातून कितीतरी वेळा होत असेल. वर्गात बाई बोलत असताना दर वाक्यातले चार शब्द गाळले तर मूल काय शिकणार? हिची बुद्धी शाबूत आहे, म्हणाले. गोळ्या नियमित घ्या, हिचं सगळं परत येईल.

मी विचारलं, "मोबाईलमुळे झालं का?" ते म्हणाले, "हे? नाही." मी पुन्हा विचारलं, मग बाकीच्या मुलांचं काय? ते हसले. म्हणाले, "मॅडम, जास्त रील्स बघणाऱ्यांचं लक्ष जरा कमी टिकतं असं काही अभ्यासांत दिसतं. पण बघितल्यामुळे लक्ष कमी होतं, की ज्यांचं लक्ष आधीच टिकत नाही ते जास्त बघतात, हे सोडवणं सोपं नाही. बुद्धी कमी होते असं तर मी म्हणणार नाही. झोप जाते, अभ्यासाचा वेळ जातो, हे मात्र मला रोज दिसतं." मी वर्षभर ज्या विषयावर छातीठोक बोलत होते, त्या विषयावर या माणसाला, ज्याचं शिक्षणच मेंदूचं, चारच वाक्यं खात्रीने बोलता येत होती.

मग त्यांनी विचारलं, "घरी असं होतानाचा एखादा व्हिडिओ आहे का?" माझ्या फोनमध्ये होताच. त्यांनी तो चार वेळा बघितला आणि तुझ्या आईला म्हणाले, "तुमच्या बहिणीने हा काढून ठेवला, फार चांगलं केलं. बहुतेकांच्या लक्षातच येत नाही."

तिथून ती गोष्ट सुरू झाली. तुझी आई दवाखान्याच्या पायरीवर माझ्या पाया पडली, "अक्का, तू व्हतीस म्हणून." तुझ्या वडिलांनी मंगळवेढ्यात साऱ्या भावकीला सांगितलं, मेव्हणीने पोरीचं दुखणं नुसत्या नजरेने ओळखलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी 'तसं नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. तुझी आई रडत होती, म्हणून मिटलं. दुसऱ्यांदा तोंड उघडलंच नाही. दर दिवाळीला, दर लग्नात ती गोष्ट कुणीतरी सांगतं आणि मी मान खाली घालते. लोकांना तो माझा विनय वाटतो.

त्याच संध्याकाळी व्हिडिओ काढून टाकला; गावी तो तोवर कुणाच्या नजरेला पडला नव्हता. आठवड्यात पानही बंद केलं. नंदीश सर हळहळले. मी कारण सांगितलं नाही. पान बंद करायच्या आधी हिंदुरावांचा आणखी एक निरोप आला होता, 'बाई, पोरगी बरी हाय का?' मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते?

पुढचं तुला माहीत आहे. गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात थांबणं कमी झालं, मग गेलंच. मार्क काही लगेच वर आले नाहीत. राहिलेलं भरून काढायला आठवीचं अख्खं वर्ष गेलं, आणि ते तू काढलंस, मी नुसती शेजारी बसले. दहावीला चौऱ्याऐंशी टक्के पडले. आणि एक सांगू? फीट गेली तरी रील्स बघणं काही गेलं नाही. परत फोन मिळाल्यावर तू पुन्हा जेवताना बघायला लागलीस, आपण पुन्हा भांडलो, चारचौघांच्या घरात भांडतात तसंच. ते वेगळं आणि हे वेगळं. मी दोन्ही एकाच पोत्यात भरलं, ही माझी चूक.

आणि रील्सने कुणाचं लक्ष गेलं असेल तर ते माझं, हे मी खात्रीने सांगू शकते. इतरांचं मला माहीत नाही. पूर्वी मी साठ पेपर एका बैठकीत तपासायचे. त्या वर्षात दहा पेपर झाले की हात फोनकडे जायचा. जाडजूड कादंबरी उघडली की तिसऱ्या पानावर मी कुठे आहे ते मलाच कळायचं नाही. पान बंद केल्यावरही बरेच महिने असंच होतं. हळूहळू सुधारलं. आता चाळीस पानं होतात. माझी बुद्धी कमी झाली का, सांगता येणार नाही. पण माझ्यासमोर हातभर अंतरावर एक मूल हरवत होतं आणि मी ते चौकटीत नीट बसतंय का ते बघत होते. याला कुठल्या परीक्षेत किती मार्क कमी करतात, मला माहीत नाही.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते. ३१ तारखेला मी निवृत्त होतेय. शाळेत निरोपाचा कार्यक्रम आहे, आणि आमच्या मुख्याध्यापकांनी मला न सांगता तुला भाषण करायला बोलावलंय, हे मला गुरुवारी तुझ्या आईकडून कळलं. तू लिहून पाठवलेले दोन कागदही तिने मला दाखवले, तुला न विचारता, तिला रागावू नकोस. छान लिहिलंयस. त्यात एक वाक्य आहे, 'सगळ्यांनी मला फोनवेडी म्हणून सोडून दिलं होतं, तेव्हा एकट्या दोड्डव्वाने माझ्याकडे नीट बघितलं.' ते वाक्य वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत उभी राहिले. तू ते खोडावंस असं मी म्हणत नाही. भाषण करावंस की करू नयेस, यावंस की येऊ नयेस, तेही तूच ठरव. मी विचारणार नाही, आणि तुझ्या आईला काय सांगायचं तेही मी तुझ्यावर टाकत नाही, ते मीच सांगेन, येत्या रविवारी मंगळवेढ्याला जाऊन. पण ते वाक्य खरं आहे असं समजून तू दोनशे माणसांसमोर उभी राहावीस, हे मला सहन होणार नाही. परवा मी नंदीश सरांना गाठलं आणि बंद केलेलं पान उघडायला लावून, ज्याच्या फोनवरून निरोप आला होता त्याच्याकडून हिंदुरावांचा नंबर मिळवला. फोन केला. नाव सांगितलं तर त्यांना ओळख पटेना. व्हिडिओचं सांगितलं तेव्हा लगेच म्हणाले, "पोरगी बरी हाय का, बाई?" साडेचार वर्षांपूर्वीचाच प्रश्न. मी म्हटलं, बरी आहे, बारावीला आहे, लातूरला. ते म्हणाले, "बास, मग झालं." मी त्यांना ३१ तारखेला बोलावलं. आधी नको नको म्हणाले, मग म्हणाले, एसटीने येतो, लेकीलाही आणतो. ती आता नर्सिंग शिकतेय. तू आलीस तर ते तिथं असतील. ते कोण आहेत, हे तुला त्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून कळण्याआधी माझ्या हाताने कळावं, म्हणून हे पत्र.

तुझीच,
दोड्डव्वा